माय दुखणाईत, लेक बांधावर



कपाशीच्या वावरात कामगंध सापळे बघत फिरणं हे आमचं दिवाळीच्या आसपासचं नेहमीचं काम. सापळ्यामागे रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करायचा, हे तुम्हाला आता पाठ झालेलं आहे. मागच्या हंगामात अशीच एका वावरात गेले, तर बांधावर नऊ वर्षांची एक पोर कडेवर लेकरू घेऊन उभी होती. वार मंगळवार, वेळ सकाळी अकराची. "शाळा नाही का गं आज?" विचारलं तर खाली बघायला लागली. तिच्यापासून चार पावलांवर तिचा चार वर्षांचा भाऊ मातीत बसला होता आणि त्याच्या हातात थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली होती. बाटली घेऊन वास बघितला. पंपात औषध मोजून टाकायला वापरलेली बाटली होती ती, आणि तळाशी अजून थोडं औषध शिल्लक होतं.

मुलांची आई थोडी पुढं वेचत होती. जवळ गेल्यावर दिसलं की ती बोटांनी वेचत नाही, दोन्ही तळहातांत बोंड धरून कापूस ओढते आहे. बोटांचे सांधे सुजलेले, मनगटं जाड झालेली. धाकटं लेकरू चौदा महिन्यांचं. म्हणाली, "मॅडम, सकाळच्या पारी मूठच वळत न्हाई. लेकरू उचलायला गेलं की हातातून निसटतंय. म्हणून पोरीला संगट ठिवलंय." आणि पुन्हा वेचायला लागली, कारण वेचणीची मजुरी किलोवर असते, बोलण्यावर नसते.

तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. सांगायची गरजही नाही. तुमच्या गावात अशी दोन-चार घरं तुम्ही स्वतःच बोटांवर मोजाल.

शेतीच्या पानावर बाईच्या दुखण्याचं काय काम, असं कोणी म्हणेल. त्यांना एवढंच विचारते, की बैल लंगडायला लागला तर आपण किती दिवस थांबतो? दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठतो, आणि बरा होईपर्यंत त्याला औताला जुंपत नाही. घरातली बाई मात्र वर्ष वर्ष कंबर धरून चालते. तिच्याच्यानं निंदणी, वेचणी, धुणं, पाणी, स्वयंपाक आणि वर लहान लेकरू हे सगळं ओढलं जाईपर्यंत कोणाला काही वाटत नाही. ओढलं जाईना म्हणजे मग ते ओझं खाली उतरतं, आणि कोणावर? तर घरातल्या थोरल्या पोरीवर. मी जेवढ्या घरांत हे पाहिलं तेवढ्या घरांत असंच पाहिलं. पोरगा शाळेत गेलेला असतो.

महिला शेतीशाळेत बायका पिकाचं विचारायला येतात आणि जाता जाता पाठीचं सांगून जातात. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण दहा-बारा वर्षं गावोगाव ऐकून, आरोग्य खात्यातल्या मंडळींना विचारून जे समजलं ते इथं देते आहे. पुरुष मंडळींनी हा लेख घरात मोठ्यानं वाचावा, कारण ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना बसून वर्तमानपत्र वाचायला सवड नसते.

दुखणं कोणतं ते कळू द्या

"बाळंतपणापासून कंबर धरली आहे" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते दुखणं नसून बाईच्या जातीला चिकटलेलं काही तरी आहे, असंच घरचे समजतात. पण कंबर, पाठ, हातपाय दुखण्यामागं निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं आणि सगळ्यात जास्त आढळणारं म्हणजे रक्त कमी असणं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अशी बाई दोन जिने चढली तरी धापा टाकते, लेकरानं हट्ट केला तर रडकुंडीला येते, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. तिला लोक आळशी म्हणतात. उपकेंद्रात बोटातून रक्त काढून तपासतात, पैसे पडत नाहीत. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, पण बऱ्याच बायका बाळंतीण झाल्याबरोबर बंद करतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी किंवा जेवणात लिंबू असेल तर बरं. आणि मिश्री लावायची सवय असेल तर तीही सोडावी. दुखणं विसरायला मिश्री लावणाऱ्या बायका मी रोज बघते, पण ती शेवटी तंबाखूच आहे.

दुसरं दुखणं बायका सांगतच नाहीत. अंग बाहेर येणं. बाळंतपणानंतर लगेच पाण्याचे हंडे आणि गवताचे भारे उचलले की हे होतं, आणि मग उभं राहिलं तरी ओटीपोटात ओढ लागते, कंबर दुखते. सासू म्हणते, आम्ही नाही का बाराव्या दिवशी वावरात गेलो? गेल्या असतील. त्या सासूबाईंना आज एकटं गाठून विचारलं तर त्यांचंही अंग बाहेर येत असतं, हा माझा अनुभव आहे.

तिसरं म्हणजे आमवात. आपल्या बांधावरच्या मुलीच्या आईला हाच होता. ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजतात, आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ हात आखडलेले राहतात. दिवस वर चढला की थोडे मोकळे होतात. बायकांत हा पुरुषांपेक्षा बराच जास्त, आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत सुरू झाल्याचीही उदाहरणं पुष्कळ. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. वर्ष-दोन वर्षं तेल चोळत घालवली तर बोटं वाकडी होतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत.

चौथं कमी आढळतं, पण विसरू नका. पाठ महिनोन्‌महिने दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं, तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. पायाला मुंग्या येऊन बळ गेलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र एक दिवसही घालवू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.

बाजाराच्या दिवशीचं इंजेक्शन

आपल्या या बाईनं मी भेटले त्याच्या आधी आठ महिने काय केलं होतं? दर आठवडी बाजाराला एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीत बांधलेल्या तीन रंगांच्या गोळ्या. इंजेक्शन घेतलं की दोन-तीन दिवस हात एकदम हलका. त्या दोन-तीन दिवसांत ती राहिलेलं सगळं काम उरकायची आणि पुन्हा झोपायची. तोंड मात्र गोल, सुजल्यासारखं दिसायला लागलं होतं. शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली!

अशा पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे, पण ते किती आणि किती दिवस द्यायचं हे जाणत्या डॉक्टरनं ठरवायचं असतं. वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. आणि हेही लक्षात ठेवा, की बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं. घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट, नसेल तर ती पुडीच, सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. नुसत्या वेदनाशामक गोळ्याही उपाशीपोटी रोज घेतल्या तर पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडावर ताण येतो. डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक आपल्या ओळखीचं आहे. मेलेल्या जनावरांच्या अंगातलं हे औषध पोटात जाऊन गिधाडं नाहीशी व्हायला लागली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसं मात्र अजून ते शेंगदाण्यासारखं खातात.

ग्रामीण रुग्णालयातून तिला जिल्ह्याला पाठवलं, रक्त तपासलं, आमवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. इथं दोन गोष्टी सगळ्यांनी ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. एक, तपासायला गेल्याबरोबर आधी सांगायचं, की अंगावर पिणारं लेकरू आहे किंवा दिवस जाण्याची शक्यता आहे. काही गोळ्या अंगावर पाजताना चालतात, काही अजिबात चालत नाहीत, आणि डॉक्टर त्याप्रमाणे औषध बदलतात. आपण सांगितलंच नाही तर त्यांना कसं कळणार? दुसरी गोष्ट, आमवातावर नेहमी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. या घरानं त्यावर चांगली युक्ती काढली. गोळी बाजाराच्या दिवशीच घ्यायची, आणि ती नवऱ्यानं बाजारात निघायच्या आधी स्वतःच्या हातानं द्यायची. इंजेक्शनचा जुना वार गोळीचा झाला. लेकराचं अंगावरचं पाजणं डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी सुरू करण्याआधीच तोडलं. ते काही सोपं गेलं नाही. आठ-दहा रात्री सगळं घर जागं होतं.

गुण यायला दीड-दोन महिने लागतात. त्या दीड महिन्यातच लोक औषध सोडतात, कारण इंजेक्शनसारखा हात दुसऱ्या दिवशी हलका होत नाही. शेणखत टाकलं म्हणून आठ दिवसांत पीक काळंभोर होत नाही, हे आपल्याला कळतं. तसंच हे.

आणखी एक सांगायलाच हवं. पाठ दुखते, अंगावरून पांढरं जातं म्हणून "पिशवी काढून टाका" असा सल्ला घेऊन येणाऱ्या बायका अजून भेटतात. बीड जिल्ह्यात २०१९ साली पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणी तरण्या होत्या. कोयत्यावर गेलं की खाडा परवडत नाही, उचल फिटायची असते, पाळीचे चार दिवसही आडवे येतात, हे सगळं खरं. पण ऑपरेशननंतर कमी वयात पाठ आणि हाडं दुखायला लागली की तेच लेकरू, तेच पाणी आणि तीच मोळी उचलायची असते. असा सल्ला कोणी दिला तर सरकारी स्त्रीरोग डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

कामाचं वेळापत्रक दुखण्याप्रमाणे

औषधाइतकीच गरज असते घरातली कामं हलवण्याची. इथं आपलं शेतीचं डोकं कामाला येतं. गव्हाला पाणी द्यायचं तर मुकुटमुळं फुटायची वेळ आपण चुकवत नाही; बाकी पाळ्या मागं-पुढं झाल्या तरी ती पाळी मोडत नाही. दुखणाईत माणसाचंही तसंच आहे. दिवसातली कोणती वेळ जड आणि कोणती हलकी, हे आठ दिवस लक्ष ठेवलं तर कळतं. आमवात असेल तर सकाळ जड. नुसती कंबर असेल तर बहुधा संध्याकाळ जड. रक्त कमी असेल तर दुपार.

या घरी सकाळी सहा ते नऊ हीच वेळ सगळ्यात जास्त कामाची होती. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, लेकराची आंघोळ, पोराला अंगणवाडीत धाडायचं. तिचे हात त्याच वेळी लाकडासारखे. मग ठरलं असं. लेकराची आंघोळ दुपारी, ऊन तापल्यावर, तिचे हात मोकळे झाल्यावर. सकाळी मुलांचं उठवणं, तोंड धुणं, शौच, खाणं हे नवऱ्याकडे. आधी त्याला लाज वाटली. गल्लीतली माणसं हसलीही. धार काढायला, वासरू पाजायला लाजत नाही तो लेकराला चमच्यानं वरण-भात भरवायला का लाजतो, असं त्याच्याच आईनं त्याला विचारलं. या म्हातारीला मी आधी फार नावं ठेवली होती, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

भाकरीचं काय? थापणं बंद झालं ते झालंच. सासू थापते, आणि सासू गावाला गेली तर घरात भात किंवा खिचडी. जेवणात भाकरी नाही म्हणून कोणी मेलं नाही.

लेकराला उचलणं हा खरा प्रश्न. कंबरेत वाकून जमिनीवरून लेकरू उचलणं हे पाठीला सगळ्यात वाईट. दहा किलोचं लेकरू दिवसातून वीस-पंचवीस वेळा उचललं तर किती पोती झाली ते तुम्हीच मोजा. चालायला लागलेल्या लेकराला बाजेवर, ओट्यावर स्वतः चढायला शिकवा. आपण बाजेवर बसायचं आणि त्यानं चढून मांडीत यायचं. उचलायचंच असेल तर आधी गुडघ्यांत बसा, लेकरू छातीशी घ्या आणि मग उठा. नेहमी एकाच कडेवर घेऊ नका. बोटं सुजलेली असतील तर बोटांत धरून न उचलता दोन्ही हात कोपरापर्यंत खाली घालून उचला. पाय पसरून पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आपली पद्धत लेकराला छान, पण कंबर धरलेल्या आईला नाही. त्यापेक्षा घंगाळ किंवा टब ओट्यावर ठेवून उभ्यानं घाला, मात्र एक हात सतत लेकरावर राहू द्या, आणि कोणी हाक मारली तर लेकरू घेऊनच जा. घागर अर्धी भरा, खेपा दोन होऊ द्या. चूल जमिनीवरून ओट्यावर आणली तर दिवसातलं निम्मं वाकणं जातं, आणि रांगतं लेकरूही विस्तवापासून दूर राहतं.

दुखणं जोरात असलं की लेकरू झोपावं म्हणून त्याला खोकल्याचं औषध पाजणाऱ्या आया आहेत. रागावून सांगत नाही, ती वेळच तशी असते. पण असं करू नका. लहान मुलांना डॉक्टरनं सांगितल्याशिवाय असलं औषध देणं धोक्याचं आहे. २०२५ साली शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधानं वीसहून अधिक लेकरं दगावली. त्यांतल्या अनेकांना अखेरच्या दिवसांत नागपूरला आणलं होतं. ते औषध तर दवाखान्यातून, दुकानातून आलेलं होतं.

वावरातली लेकरं

घर तरी चार भिंतींचं. वावरात काय? आईचं अंग दुखत असलं की तिचं लक्ष आणि पाय दोन्ही मंद होतात. धडधाकट आई धावत जाऊन लेकराला ओढते, ती पोचत नाही. म्हणून दुखणाईत माय असेल तिथं जागाच बिनधोक करावी लागते. आणि हे काम आम्हा शेतीवाल्यांचं आहे, डॉक्टरांचं नव्हे.

कीटकनाशकाची बाटली, मोजायचं झाकण, ढवळायची काठी यांतलं काहीही लेकराच्या हाताला लागता कामा नये. औषध मूळ डब्यातच ठेवा. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच काढू नका. लेकराला लेबलावरचा लाल त्रिकोण कळत नाही, त्याला फक्त ओळखीची बाटली कळते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती सगळी मोठी माणसं होती, हातात पंप धरणारी. लेकराच्या अंगाला किती थोडं पुरतं, याचा विचार करा. अंगावर पाजणाऱ्या किंवा पोटुशी बाईनं फवारणी करू नये, औषध कालवू नये, आणि फवारलेल्या वावरात लगेच निंदायलाही जाऊ नये. फवारणीचे कपडे लेकराच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि ते धुणं बाईवरच टाकू नये.

त्या दिवशी त्या बाटलीचं मी काय केलं ते सांगते. बाईच्या नवऱ्याला बोलावून त्याच्या हातात दिली आणि काही बोलले नाही. तो खाली बसला. पोराचे हात धुतले, तोंड धुतलं, कपडे काढले, तासभर त्याच्याकडे बघत बसलो. सुदैवानं पोटात काही गेलं नव्हतं. कधी गेलंच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखान्यात पळा.

शेततळी आपण मोठ्या हौसेनं केली. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात मोठा माणूस पडला तरी त्याला वर चढता येत नाही, पाय घसरतो. भोवती जाळी हवीच. शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, त्याला जुनी ट्यूब बांधा. कठडा नसलेल्या विहिरीच्या बाजूला लेकरू घेऊन कामाला बसूच नका.

झोळी बाभळीला बांधता, तिची जागाही बघून ठरवा. खाली मुंग्यांचं वारूळ किंवा गवत नको, सावली दुपारी सरकून लेकरू उन्हात येईल अशी नको. कंबर दुखणाऱ्या आईनं झोळी अगदी जमिनीलगत न बांधता मांडीइतक्या उंचीवर बांधावी, म्हणजे वाकावं लागत नाही. खाली दोन-तीन पोती अंथरावीत. झोळी दिसेल अशा तासापासून वेचायला सुरुवात करावी.

वेचणीचा भार कमी करायचा असेल तर ओटीत दहा-दहा किलो कापूस घेऊन फिरू नका. दोन-तीन किलो झाला की गाठोड्यात टाका. फेऱ्या वाढतात, पण कंबर वाचते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं शेतकरी महिलांचे श्रम वाचवणारी साधनं बसवली आहेत. आपल्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन ती हाताळून बघा. कापणीला दातेरी विळा घेतला तर झटका कमी बसतो. निंदणीला उभ्यानं ढकलायचं सायकल कोळपं बाईच्या हाती द्या. कोळपं पुरुषांनी आणि खुरपं बायकांनी असा कुठं कायदा नाही.

अंगणवाडी सुटल्यावर काय?

आता थोडं गावकारभाऱ्यांसाठी. देशात अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिनं पुष्कळ केलं. पण अंगणवाडीत दिवसभर बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तासच. तीन वर्षांखालच्या लेकराला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. वेचणीचा दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. म्हणजे चौदा महिन्यांचं लेकरू कोणाच्या तरी कडेवरच असणार. आई धड असली तर तिच्या, नसली तर नऊ वर्षांच्या बहिणीच्या. शाळेच्या हजेरीपत्रकात ही पोर "गैरहजर" दिसते. तिच्या आईची बोटं सुजली आहेत हे त्या रकान्यात लिहायची सोय नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगली तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर एका बाईला त्यांच्यापाशी बसवायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. किती कामांवर अशी बाई बसलेली तुम्ही पाहिली? मी फार थोड्या पाहिल्या. छत्तीसगडमधल्या गावांत "फुलवारी" नावानं सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचे पाळणे चालवले गेले, तिथं गावातल्या आयाच पाळीपाळीनं बसत. आपल्याकडेही पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढण्याची सोय आहे. पण मंजुरी येईपर्यंत दोन हंगाम निघून जातात, म्हणून गावानं थांबू नये.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी त्यातून शिलाई यंत्रं येतात, सतरंज्या येतात. या पैशातून वेचणीच्या तीन महिन्यांपुरती एक खोली, दोन पाळणे, पाण्याचा माठ आणि एका बाईचं मानधन का बसू नये? ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे आपल्या कालपर्यंतच्या ग्रामसेवकांनी) आणि सरपंचांनी हा विषय महिला ग्रामसभेत घ्यावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असतेच. ती कागदावर न उरकता खरोखर घेतली, तर हा विषय बायकाच काढतील.

या गावात ग्रामपंचायतीनं अजून काही केलेलं नाही, खरं ते सांगते. जे केलं ते वेचणीच्या टोळीनं केलं. टोळीत आठ बायका, त्यांची मिळून सात लहान लेकरं. आधी त्यांनी असं ठरवलं, की दुखणाईत बाईनंच लेकरं सांभाळायची, बाकीच्यांनी तिला मजुरी द्यायची. कल्पना मलाही पटली होती. दुसऱ्याच दिवशी एक लेकरू विहिरीच्या वाटेला लागलं. ही ओरडली, पण धावून त्याला धरू शकली नाही. लांबून दुसरी पळत आली. माझीही चूक झाली होती. बसायचं काम म्हणजे सोपं काम, असं आपण धरून चालतो. मग गावातली एक म्हातारी आणि ही, अशा दोघी मिळून बसायला लागल्या. म्हातारीचे गुडघे बरे, आवाज तर फारच बरा. प्रत्येकीनं रोज चार किलो वेचणीची मजुरी बाजूला काढायची. सात जणींचे अठ्ठावीस किलो. ते दोघींत वाटून. लेकरं शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, गुरुजींच्या परवानगीनं. तिथं सावली आहे, नळ आहे, आणि विहीर नाही.

पहिल्या सोमवारी पोरगी शाळेत गेली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात येऊन धाकट्याला बघून जायची. तेवढं तिचं चालूच राहिलं.

बाईचे हात माघ महिन्यापासून बरेच उघडले. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती तशीच राहतील असं डॉक्टर म्हणाले. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला जावं लागतं आणि तो दिवस बुडतो. पोरगी आता पाचवीत आहे. चौथीतले दोन महिने बुडाले ते भागाकारात अडतात, असं गुरुजी सांगतात. त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास तिला आणि तिच्यासारख्या आणखी तिघींना बसवायला सुरुवात केली आहे. चौघीही पोरीच, हे वेगळं सांगायला नको.

यंदा दसऱ्याआधी टोळीची बैठक आहे. म्हातारीनं चारऐवजी पाच किलो मागितले आहेत. लेकरं आता नऊ झाली आहेत, त्यामुळं तिचंही बरोबर आहे. दोघी-तिघी कुरकुरताहेत. शुक्रवारी सापळ्यांच्या गोळ्या बदलायला मी त्या गावात जाणार आहे, तेव्हा बैठकीला बसेन म्हणते.